सायकलचा विमा किती रुपयांचा काढायचा? आकडा कसा काढावा, पायरी पायरीने

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याच्यासमोर विमा कंपनीचा ऑनलाइन फॉर्म उघडा होता. "मामा, बाकी सगळं भरलंय. 'सम इन्शुअर्ड'च्या चौकटीत काय टाकू? बिलावर एकसष्ट हजार सहाशे आहेत, तेच टाकतो ना?" मी म्हटलं, थांब. रविवारी सायकल घेऊन ये, बिल आण, आणि काढलेले जुने पार्ट माळ्यावर कुठे टाकलेत तेही बघून ये. तो वैतागला. त्याला पाच मिनिटांत उरकायचं होतं. पण त्या चौकटीतला आकडा, म्हणजे विमा रक्कम, बहुतेक वेळा आपणच भरतो, आणि तो चुकला तर भुर्दंडही आपल्यालाच बसतो.

कारचा विमा काढताना हा प्रश्न पडत नाही. तिथे आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून धरलेली गाडीची किंमत, असते, आणि घसाऱ्याचा तक्ताही ठरलेला: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. आकडा समोर येतो, आपण 'ओके' दाबतो. सायकलला ना नंबरप्लेट, ना आरसी बुक, ना सक्तीचा विमा. तिची किंमत काय होती आणि ती आपलीच होती, हे दोन्ही दाखवायची जबाबदारी मालकाची.

त्या रविवारी दोन तास जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. सायकल म्हणजे मार्च २०२४ मध्ये घेतलेली, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची, डिस्क ब्रेकची, शिमानो सोरा गिअरची रोड सायकल. आकडे तिचे आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत तीच.

पायरी १: आधी पॉलिसी वाचा, कॅल्क्युलेटर नंतर

सायकलची 'किंमत' हा एक आकडा नसतो. भाच्याच्याच सायकलचे चार निघाले: बिलावरचा, आज दुकानदार सांगेल तो, आज विकायला काढली तर मिळेल तो, आणि घसारा वजा करून सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, काढेल तो. यातला कोणता टाकायचा हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. नुकसानभरपाई कशी मोजणार, हे सांगणारा परिच्छेद शोधा. जाहिरातीच्या पानावर तो नसतो, 'पॉलिसी वर्डिंग' नावाच्या कंटाळवाण्या पीडीएफमध्ये असतो.

तिथे 'रिप्लेसमेंट' किंवा 'रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यू' असं असेल तर सायकल गेल्यावर त्याच जातीची नवी घ्यायला लागेल तेवढे पैसे, असा हिशेब. मग विमा रक्कम म्हणजे आजची नवी किंमत. 'मार्केट व्हॅल्यू' किंवा 'डेप्रिसिएशन' हे शब्द दिसले तर त्या नव्या किमतीतून झीज वजा. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' म्हणजे सुरुवातीलाच दोघांनी मान्य केलेला आकडा. सायकलला हा प्रकार क्वचित मिळतो, पण जुनी, दुर्मिळ सायकल असेल तर मागून बघाच. आणि काही पॉलिसी सरळ 'इनव्हॉइस व्हॅल्यू' धरतात, बिलापलीकडचा रुपया मानत नाहीत. तशी पॉलिसी असली तरी पुढचं गणित करा. किती रकमेवर आपण उघडे आहोत ते तरी कळेल, आणि नंतर लावलेल्या पार्टची बिलं जोडून रक्कम वाढवता येते का, हे विचारता येईल.

"आमच्या घराचा विमा आहे, त्यात सायकल येतच असेल," असं बरेच जण गृहीत धरतात. नीट बघा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी घरविमा पॉलिसी मिळते. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. ऐकायला छान. पण ती मुळात आग, पूर, भूकंप, वादळ अशा संकटांची पॉलिसी आहे. तिच्यात चोरी येते ती अशा एखाद्या घटनेमुळे, घटनेनंतरच्या सात दिवसांत झालेली. मंगळवारी दुपारी कुणी पार्किंगमधून सायकल पळवली तर तिचा उपयोग नाही. शिवाय सामानाच्या यादीतून 'वाहने' वगळलेली असतात. सायकल घरातली वस्तू की वाहन, यावर पार्किंगमध्ये वाद घालण्यापेक्षा कंपनीकडून आधीच ईमेलवर उत्तर घ्या. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या पठडीतल्या 'हाउसहोल्डर्स' पॉलिसीत मात्र 'पेडल सायकल' असा वेगळा विभागच असतो. आईवडिलांची अशी पॉलिसी वर्षानुवर्षं चालू असेल तर कपाटातून काढून बघा. बहुतेकदा त्या विभागापुढे रेघ मारलेली असते, कारण घेताना कुणी विचारलंच नव्हतं.

भाच्याची पॉलिसी सायकलची स्वतंत्र, नव्या किमतीच्या हिशेबाची होती. म्हणून पुढचं सगळं त्या अंगाने.

पायरी २: सायकल उलटी करा

विमा रक्कम 'या' सायकलची आहे, हे कागदावर कशाने ठरतं? फ्रेम नंबरने. तो बहुतेक सायकलींना पॅडलचा दांडा जिथे फ्रेममधून आरपार जातो त्या नळीच्या खालच्या अंगाला, मेकॅनिक ज्याला बीबी म्हणतात तिथे, ठोकलेला असतो. नेमकी तीच जागा पावसाळ्याचा सगळा चिखल गोळा करते. आम्ही पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरली, सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवली, रॉकेलचा बोळा फिरवला आणि टाकाऊ टूथब्रशने घासायला घेतलं. पाच मिनिटांनी अक्षरं दिसली. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर नंबर वाचता येईना. बाजूने, तिरका धरला तेव्हा ठोकलेल्या अक्षरांच्या सावल्या पडल्या आणि फोटो नीट आला. बिलावरच्या नंबरशी ताडून पाहिलं तर बिलात शेवटचा आकडा ३ ऐवजी ८. दुकानदाराने हाताने लिहिताना चूक केली होती. भाच्याने दुसऱ्याच दिवशी दुकानातून शिक्क्यासह दुरुस्ती करून आणली. चोरीनंतर तो फरक निघाला असता तर कंपनीने "ही सायकल ती नव्हेच" म्हणायला जागा होती.

सायकल उलटी आहे तोवर फोटो काढून घ्या. गिअरची बाजू, पुढून, मागून, दोन्ही चाकं, सीट, आणि प्रत्येक बदललेल्या पार्टवरचं नाव वाचता येईल असा जवळून एकेक. हे फोटो म्हणजेच पुढच्या यादीचा कच्चा मसुदा.

पायरी ३: आज हीच सायकल घ्यायला काय पडेल?

बिल इथे कामाचं आहे ते फक्त मॉडेल आणि साइज कळायला. त्यावरचा आकडा जुना झाला, आणि तोही दोन उलट्या दिशांनी.

भाच्याचं बिल असं: मूळ किंमत ५५,०००, त्यावर १२ टक्के जीएसटी ६,६००, एकूण ६१,६००. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ किंमत तीच राहिली असती तर आज कर फक्त २,७५० लागून सायकल ५७,७५० ला मिळाली असती. पण मूळ किंमत तीच राहते होय? दुकानात फोन केला, आजचा भाव ६०,००० अधिक कर. ५ टक्क्यांनी ३,०००. एकूण ६३,०००. कर उतरला आणि भाव चढला, दोन्ही मिळून बिलापेक्षा १,४०० रुपयांनी वर.

भाव विचारताना दोन गोष्टी पाळा. एक, ऑनलाइन सेलचा भाव धरू नका. दिवाळीच्या सेलमध्ये ५२,००० ला मिळत होती हे खरं असेल, पण तुमची सायकल चोरीला जाईल जूनमध्ये. दुसरं, भाव तोंडी नको, कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. आमच्या दुकानदाराने हसत विचारलं, "घ्यायची नाहीये ना? मग कोटेशन कशाला?" विम्यासाठी म्हटल्यावर लगेच पाठवलं. तारखेसह.

मॉडेल बंद झालं असेल तर इथे खरी मेख आहे. माझी स्वतःची रोड सायकल २०१७ ची, रिम ब्रेकची. आज त्या कंपनीच्या त्या श्रेणीत रिम ब्रेकची सायकल मिळत नाही, फक्त डिस्क ब्रेकची, आणि ती महाग. नवी म्हणजे नवी असं पॉलिसी म्हणत असली तरी तिच्यात 'त्याच प्रकारची आणि दर्जाची, त्याहून सरस नव्हे' अशी पुस्ती असते. मी त्याच दर्जाच्या गिअरची, त्याच मटेरियलच्या फ्रेमची, सध्या मिळणारी सगळ्यात जवळची सायकल निवडली, तिचा भाव लावला, आणि कंपनीला लिहून कळवलं की जुनं मॉडेल बंद आहे, म्हणून हे धरलंय, चालेल का? "हो" असं एका ओळीचं उत्तर आलं. ती ओळ मी जपून ठेवली आहे.

पायरी ४: नंतर काय काय लावलंय

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सायकलवाला माणूस हळूहळू खर्च करतो आणि विसरतो. दर दोन महिन्यांनी हजार-दोन हजार. घरात सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांतला फरक तर सोडूनच द्या.

नियम सोपा आहे, पण लोक चुकतात. बदललेल्या पार्टची पूर्ण किंमत मिळवायची नाही. नव्या सायकलसोबत मूळ पार्ट मिळणारच आहे, त्याची किंमत आधीच ६३,००० मध्ये आली. म्हणून नव्या पार्टच्या आजच्या किमतीतून मूळ पार्टची किंमत वजा करायची, आणि उरेल तो फरक मिळवायचा. भाच्याची मूळ चाकं माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवली आहेत. सायकल चोरीला गेली तरी ती घरातच राहणार. त्यांचा दोनदा हिशेब धरला तर त्यांच्यावर दोनदा प्रीमियम भरला.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांना बोलावून एकेका पार्टचा आजचा भाव विचारला. काकांनी आधी मागचं चाक फिरवून बघितलं, म्हणाले, "आउट आहे, काढून देतो," आणि भाव सांगता सांगता स्पोकला चावी लावली. यादी अशी झाली:

चाकं: आजची किंमत १५,५००, मूळ चाकांची ६,०००, फरक ९,५००.
सीट: ४,५००, मूळ १,२००, फरक ३,३००.
क्लीटवाले (बूट अडकवायचे) पॅडल: ४,८००, मूळ साधे ६००, फरक ४,२००.
कॅरिअर आणि मडगार्ड: मूळ सायकलला नव्हतेच, म्हणून पूर्ण ३,८००.
बाटलीचे दोन स्टँड: ९००.
हे सगळं बसवायची मजुरी, काकांच्या आणि दुकानाच्या दराने: १,३००.

बेरीज २३,०००. सायकलच्या ६३,००० मध्ये मिळवले की ८६,०००. बिल दाखवत होतं ६१,६००.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "आईला नको सांगू."

मजुरी धरायची का, यावर दोन मतं आहेत. मी धरतो, कारण नवी सायकल आज आहे त्या अवस्थेत आणायला ती लागणारच. बाइक फिटिंगला, म्हणजे अंगाच्या मापाप्रमाणे सायकल जुळवून घ्यायला, दिलेले पैसे मात्र धरत नाही. मापं कागदावर आहेत, ती चोराला नेता येत नाहीत. टायर, चेन, ब्रेक पॅड, हँडलची टेप यांसारख्या झिजणाऱ्या गोष्टी बदलल्या असतील तर सोडून द्या, त्या मूळ किमतीत आहेतच. फार महाग टायर घातले असतील तरच फरक धरा.

पायरी ५: हाताने काढता येणाऱ्या वस्तू वेगळ्या काढा

जीपीएस कॉम्प्युटर, पुढचा-मागचा लाइट, कुलूप, पंप, खोगीरपिशवी. या वस्तू ८६,००० मध्ये घालू नका. बऱ्याच पॉलिसींत एक वाक्य असतं: सायकल सोबत चोरीला गेली नसेल, तर नुसत्या अ‍ॅक्सेसरीच्या चोरीची भरपाई नाही. चहाच्या टपरीवर थांबलात, सायकल जागेवर आणि लाइट गायब, हा प्रकार सगळ्यात जास्त होतो आणि नेमका तोच विम्यात बसत नाही.

भाच्याचा जीपीएस आज १९,००० चा, लाइट ३,५०० चे, कुलूप २,४०० चं. 'अ‍ॅक्सेसरीज' अशी वेगळी ओळ असेल तर तिथे जीपीएस घाला, नाव आणि सीरियल नंबरसह. पण तुम्ही थांबला की तो काढून खिशात टाकत असाल, तर सायकलसोबत तो चोरीला जाण्याची शक्यता किती? तो तुटेल तो पडल्यावर. म्हणून अपघाती नुकसान अ‍ॅक्सेसरीला लागू आहे का, एवढंच विचारा. नसेल तर त्याचा प्रीमियम वाचवा. लाइटचा विमा काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हेल्मेट तर नाहीच. पडलं की ते विम्याची वाट न बघता बदलायचं असतं.

पायरी ६: पॉलिसी घसाऱ्याची असेल तर

मग ८६,००० हा आकडा थेट टाकायचा नाही. पॉलिसीतला घसाऱ्याचा तक्ता शोधा आणि वयाप्रमाणे वजा करा. सायकलला कारसारखा सगळीकडे एकच तक्ता नाही, कंपनीगणिक वेगळा. समजा एक ते दोन वर्षं वयाला २० टक्के असेल, तर ८६,००० चे ६८,८०० होतात. अशा पॉलिसीत ८६,००० टाकलेत तर वरच्या १७,२०० वर प्रीमियम जाईल आणि परत काही येणार नाही.

बारकावा असा की सगळ्या भागांचं वय एक नसतं. फ्रेम पावणेदोन वर्षांची, चाकं पाच महिन्यांची. तक्ता भागागणिक लावतात का, हे विचारा. लावत असतील तर चाकांचं बिल वेगळं जपा, नाहीतर तीही पावणेदोन वर्षांची धरली जातील.

पायरी ७: कमी टाकलं तर काय होतं

"गेली तर थोडे कमी मिळतील, त्यात काय," असं भाचा म्हणाला. मीही एकेकाळी हेच म्हणायचो. कात्रज घाट उतरून येताना एका दुचाकीने मला बाजूने घासलं. मला खरचटलं, पण सायकलचा फोर्क आणि पुढचं चाक गेलं. दुरुस्तीचं बिल १८,०००. विमा ४५,००० चा होता, म्हणजे १८,००० त्यात आरामात बसतात, असा माझा समज. सर्व्हेअरने सायकलची किंमत ७२,००० ठरवली आणि हिशेब मांडला: तुम्ही ७२ चा विमा ४५ वर काढला, म्हणजे उरलेल्या हिश्श्याची विमा कंपनी तुम्ही स्वतःच. १८,००० गुणिले ४५ भागिले ७२, बरोबर ११,२५०. त्यातून १,००० ची सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यात आपणच सोसायची रक्कम. हातात १०,२५०.

याला 'अ‍ॅव्हरेज'चं कलम म्हणतात. मी कंपनीशी भांडलो, पण कलम छापलेलं होतं, वाचलं नव्हतं मी. म्हणजे कमी रकमेचा फटका फक्त सायकल चोरीला गेल्यावर बसत नाही, प्रत्येक छोट्या दाव्यात त्याच प्रमाणात कात्री लागते. भाच्याने ६१,६०० टाकले असते आणि २०,००० चं नुकसान झालं असतं, तर ८६,००० च्या हिशेबाने साधारण १४,३२६ मंजूर झाले असते, वजावटीच्या आधी. आणि सायकल चोरीलाच गेली असती तर २४,४०० खिशातून.

तुमच्या पॉलिसीत हे कलम आहे का बघा. भारत गृह रक्षामध्ये कमी रकमेसाठी अशी कात्री लावत नाहीत. इतर पॉलिसींत नसेलच असं धरून चालू नका.

उलट टोकाला जाऊन १,२०,००० टाकले तर? काही नाही. ८६,००० ची सायकल गेली की ८६,००० च मिळतात. विम्यात नफा करता येत नाही. वर्षभरात भाव वाढतील म्हणून थोडा वाव ठेवायचा असेल तर दोन-तीन हजार, त्यापलीकडे नको. भाच्याने ८८,००० टाकले.

पायरी ८: एवढा विमा हवाच का?

आकडा निघाल्यावर, हो, हा प्रश्न आता विचारायचा. आधी विचारला तर आळसच उत्तर देतो.

समजा प्रीमियमचा दर विमा रकमेच्या २ टक्के आहे. ८८,००० वर १,७६०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१७, मिळून २,०७७ च्या आसपास. सायकलवरचा कर ५ टक्क्यांवर आला, आरोग्य विम्याचा वैयक्तिक हप्ता करमुक्त झाला, सायकलच्या विम्यावर मात्र १८ टक्के तसेच. असो. हा खर्च ८८,००० च्या जोखमीसाठी मला योग्य वाटतो, कारण एवढी रक्कम एकदम काढणं भाच्याला जमणार नाही. पण १२,००० ची सायकल असेल, १,००० वजावट असेल आणि मोडतोडीचे दावे हजार-पंधराशेचेच येणार असतील, तर ते पैसे बाजूला टाकून एक दणकट कुलूप घ्या. मुलांच्या सायकलचा विमा तर काढूच नका. दोन वर्षांत ती लहान पडते.

पाणी शिरण्याचा विचार मात्र करा. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं, त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने काय पाहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या पार्किंगमधली सायकल पहिल्यांदा बुडते. बेअरिंगमध्ये गाळ गेला की दुरुस्ती महाग पडते. तुमची सोसायटी ओढ्याकाठी असेल तर पूर वगळलेला नाही ना, हे बघा. आणि पॉलिसीत 'घर' म्हणजे फ्लॅटचं दार की सोसायटीचं फाटक, तेही.

ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड (बीआरएम), करणाऱ्यांसाठी एक ओळ: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत असली तरी बीआरएम ही शर्यत नव्हे. पण पॉलिसीत 'शर्यत, वेगचाचणी' वगळलेली असते आणि वेळेची मर्यादा बघून कुणी तिला त्यात ढकलू शकतो. आधी लिहून विचारा.

या गणितात न बसणाऱ्या सायकली

सेकंडहँड घेतलेली. तुम्ही ३०,००० दिले, तीच नवी ७०,००० ची. नव्या किमतीची पॉलिसी असली तरी जुन्या सायकलला कंपनी ती देईलच असं नाही. अनेकदा वयाची अट असते. मूळ मालकाकडून त्याचं बिल मागून घ्या, आणि विक्रीचा कागद करा: तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयने द्या, रोख नको. पॉलिसी जमणारच नसेल तर दिलेले ३०,००० अधिक तुम्ही केलेला खर्च हा तुमच्या तोट्याचा खरा आकडा.

इ-सायकल. मोटर ०.२५ किलोवॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नियमांप्रमाणे ती मोटार वाहन नाही, सायकलच्याच रांगेत बसते. दुकानदाराने 'जरा पॉवर वाढवून' दिली असेल तर विम्याचं गणित तिथेच संपलं. ती मोटार वाहन ठरली की नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा होतो, आणि सायकलची पॉलिसी हात वर करते. बॅटरीची आजची किंमत यादीत वेगळी लिहा. क्षमता कमी होणं ही झीज, ती भरून मिळत नाही. चोरी आणि अपघात तेवढे बघा.

आणि आजोबांची काळी अ‍ॅटलस. साहिबाबादचा अ‍ॅटलसचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. सर्व्हेअर तिचे जे काही हजार-दोन हजार लावेल त्यासाठी प्रीमियम भरू नका. साखळीने खांबाला बांधा.

पायरी ९: आकड्यामागचे कागद

एका फोल्डरमध्ये सगळं: बिल, दुरुस्त केलेला फ्रेम नंबर, आजचं कोटेशन, पार्टची बिलं, काकांनी दिलेल्या भावांची चिठ्ठी, फोटो, कुलपाचं बिल आणि दोन्ही चाव्यांचा फोटो. सायकल हलवता न येणाऱ्या वस्तूला बांधलेली होती, याचा पुरावा बऱ्याच कंपन्या मागतात. दोन्ही चाव्या दाखवता आल्या नाहीत तर कुलूप लावलंच नव्हतं, असं म्हणणं त्यांना सोपं जातं.

चोरी झालीच तर मोबाइलवरून 'हरवलं-सापडलं'ची नोंद करून थांबू नका. ती चोरीची फिर्याद नव्हे. ठाण्यात जाऊन भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली, घराच्या आतून नेली असेल तर ३०५ खाली, गुन्हा नोंदवा. फिर्यादीत सायकलची किंमत लिहिताना हवालदार "किती, साठ हजार?" असं सुचवतील. तुमच्या फोल्डरमधला आकडा सांगा. एफआयआरमध्ये ६०,००० आणि दाव्यात ८६,००० असं दिसलं तर पुढचे दोन महिने खुलासे करण्यात जातात. तपास लागला नाही तर पोलीस कोर्टात 'ए समरी' पाठवतात: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. कंपनी बहुधा तो कागद मागते आणि तो यायला वेळ लागतो. एफआयआरची प्रत मिळाली त्याच दिवशी कंपनीला कळवा, समरीची वाट बघत बसू नका.

हा आकडा दरवर्षी नव्याने काढायचा. भाच्याने मोबाइलमध्ये नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावली आहे, आणि यादीच्या खाली काकांचा नंबर. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: नवा हँडलबार, कार्बनचा, ७,२००. मूळ हँडलचे काकांनी ९०० सांगितले. म्हणजे फरक ६,३००, आणि ८८,००० मधला दोन हजारांचा वाव कधीच उडाला. मी त्याला कंपनीला 'एंडोर्समेंट'साठी, म्हणजे चालू पॉलिसीतच बदल करून घेण्यासाठी, लिहायला सांगितलं. आईला सांगितलंस का, ते विचारलं नाही.